आज खिडकी ओस होती

आमच्या दूध कंपनीत दर आठवड्याला तीन मंगळवार यायचे. हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि ते कळेपर्यंत कंपनीचं दूध रोज थोडं थोडं कागदावर हरवत होतं.

मी तिथे डेटा विभाग सांभाळते. ऑफिस हब्सीगुड्याला, आमचा विभाग वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. कंपनीत कुणालाही काही मोजून हवं असलं की तो जिना चढून आमच्याकडे यायचा. गावोगावचं दूध गोळा करणाऱ्यांना कुठल्या केंद्रावर किती दूध आलं ते हवं असायचं. विक्रीवाल्यांना कुठल्या भागात दही उरलं ते. हिशेबवाल्यांना दोन्ही, आणि तेही काल. आम्ही रिपोर्ट बनवून देईपर्यंत विचारणाऱ्याचा प्रश्न बदललेला असे, आणि जिन्यावर पुढचा माणूस उभा असे.

"नाना, मीही खिडकीतच बसते," असं मी एकदा वडिलांना म्हटलं होतं. त्यांना ते आवडलं होतं.

वडिलांचं नाव नामदेवराव. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारच्या मुलांना वाटायचं, आम्ही तेलुगूतच हाक मारतो; तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. नाना सिकंदराबाद स्टेशनात चौकशीच्या खिडकीत होते. लोक त्यांना गाड्या विचारायचे आणि ते सांगायचे, इतकंच ते काम. पण त्यांच्या नोकरीत एक विजय होता आणि तो ते आयुष्यभर सांगत राहिले.

मध्यरात्र उलटल्यावर लगेच सुटणारी एक गाडी होती. तिकिटावर पंधरा तारीख असली की माणसं पंधरा तारखेच्या रात्री जेवूनखाऊन, ट्रंका आणि पोरं घेऊन स्टेशनात यायची. गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. मग खिडकीसमोर रडारड. नानांनी वरच्यांकडे अर्ज केले, उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी प्लायवुडची एक फळी आणली, खडूने तिच्यावर तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं आणि खाली जागा उरली म्हणून बारीक अक्षरात मराठीतही: उद्याची गाडी आज रात्री आहे. फळी आरक्षणाच्या रांगेसमोर टांगली. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी ते घरी आले, बूट काढता काढता आत्याला म्हणाले, "आज खिडकी ओस होती." लोक बढतीची बातमी सांगतात तसं. कुणाला आपल्याला विचारावंच लागू नये, याहून चांगलं काम नाही, असं त्यांचं मत होतं.

म्हणून कंपनीने जेव्हा ठरवलं की सगळ्या विभागांचा डेटा एका जागी आणायचा आणि ज्याने त्याने आपले रिपोर्ट आपणच काढायचे, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. या व्यवस्थेला कागदोपत्री मोठं नाव होतं; सगळे नुसतं प्लॅटफॉर्म म्हणायचे. नानांनी ते ऐकून विचारलं होतं, "किती नंबरचा?"

काम नुकतं सुरू झालं होतं तेव्हा नाना गेले. दवाखान्यात, पहाटेपूर्वी. मी शेजारी होते. "उजाडलं का?" त्यांनी विचारलं. मी खिडकीकडे बघून म्हटलं, "अजून नाही, नाना." मग ते काही बोलले नाहीत. याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

प्लॅटफॉर्म काही महिन्यांतच उभा राहिला. गावांतल्या केंद्रांपासून दुकानांतल्या फ्रीजपर्यंत सगळा डेटा एका जागी आला. शोधायला सोपा, बघायला देखणा. आणि कुणीही तो वापरत नव्हतं.

"मॅडम, सिकंदराबाद का प्लॅटफॉर्म आपके प्लॅटफॉर्म से अच्छा," विक्रीप्रमुख मुजीबभाई जिन्यावर भेटले की म्हणायचे. "उधर लेट सही, गाडी तो आती."

न वापरण्याचं कारण होतं घट. गावात जेवढं दूध मोजून घेतलं त्यातलं डेअरीत किती पोहोचलं, यातल्या फरकाला आम्ही घट म्हणतो. थोडी घट असतेच. दूध सांडतं, नासतं, टँकरच्या भिंतींना राहतं. पण प्लॅटफॉर्मवर संकलन विभागाने घट काढली की एक यायची, विक्रीने काढली की दुसरी, हिशेबाने काढली की तिसरी. थंडीत दूध वाढू लागलं तशी घटही वाढू लागली. आणि त्या आधी, उन्हाळ्यात, काही दिवस असे निघाले की गावात घेतलं त्याहून जास्त दूध डेअरीत पोहोचलं होतं.

त्या आकड्यांवरून संकलनप्रमुख यादगिरींना खूप ऐकून घ्यावं लागलं होतं. यादगिरी जनगावकडचे, बोलायला सावकाश. भर बैठकीत ते म्हणाले होते, "थंडी में मेरे लोगां दूध चुराते, और गर्मी में रास्ते में भैंस बांध के टँकर में दूध निचोड के भरते. ऐसा बोलो ना फिर."

हसले सगळे, पण आकडे तसेच राहिले. हिशेबप्रमुख अलका, मूळची मुंबईची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्रिवेणी, माझा तुझ्यावर भरवसा आहे गं. तुझ्या आकड्यांवर नाही." आणि तिने आपली जुनी एक्सेल पुन्हा उघडली. तिचं बघून मुजीबभाईंनी आपली उघडली. जिन्यावर पुन्हा रांग लागली.

एमडीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हेत. पण वर्षभर वाट बघून थकले होते. "पुढच्या आढाव्यात तिघं माझ्यासमोर बसतील," ते म्हणाले. "मी एक दिवस सांगेन. तिघांनी आपापल्या हाताने त्या दिवसाचं दूध काढायचं. तिघांचं एक आलं तर प्लॅटफॉर्म राहील. नाही आलं तर बंद. ज्याची त्याची एक्सेल, ज्याची त्याची कटकट. आणि मॅडम, तुम्ही मदत करायची नाही. तुम्ही सांगितल्यावर जमणार असेल तर तो प्लॅटफॉर्म कशाला, तुम्हीच पुरे."

हे म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं.

माझ्या विभागात हर्षद म्हणून पुण्याचा मुलगा आहे. हुशार, आणि वाईट बातमी हसत सांगणारा. "ताई, आपण डेटा तीनदा तपासलाय. एक थेंब कुठे हरवत नाहीये. तरी आकडे जुळत नाहीत. मला वाटतं दूधच आपल्याला फसवतंय."

"सगळ्यांचा दिवस आपण एकच धरलाय ना?"

"हो ना. पहिल्याच महिन्यात नियम केला होता की. मध्यरात्री दिवस बदलेल, सगळ्यांचाच. तिन्ही विभागांनी सह्या केल्यात."

सह्या होत्या. मीच घेतल्या होत्या. मी पुन्हा आकड्यांकडे वळले.

त्याच आठवड्यात घरी वेगळाच तंटा सुरू होता. नानांचं वर्षश्राद्ध आलं होतं आणि ते नेमकं कुठल्या तिथीला करायचं यावर आत्या आणि माझा भाऊ विकास यांचं जुळत नव्हतं. विकास पुण्याला असतो. फोन स्पीकरवर टाकून आत्या स्वयंपाकघरातून बोलायची आणि तो तिकडून.

"मला सुट्टी काढायचीय आत्या. दाखल्यावर बुधवार आहे. कॅलेंडरात त्या बुधवारी चतुर्थी छापलीय. म्हणजे चतुर्थी."

"बुधवारी कामून जाईल?" आत्या म्हणाली. तिचं नाव चतुराबाई. ती नानांची थोरली बहीण, नाव सार्थ करायचा तिला ध्यास आहे. "माझा भाऊ मंगळवारी गेला. उजाडलंच नव्हतं तर बुधवार कुठून आला? सूर्य उगवल्याबिगर दिवस बदलत नसतो. तुमच्या मोबाईलमधी अर्ध्या रात्री उजाडायलंय, त्याला मी काय करू?"

"अगं पण दाखल्यावर लिहिलंय!"

"दाखला लिहिणाऱ्याला झोप आली होती. तिसरी तिथी धर. तृतीया."

"त्रिवेणी, तू सांग हिला."

माणूस गेल्याचा दिवस दोघांनी दोन बाजूंनी ओढावा, हे ऐकवत नव्हतं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी हे दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, असंही वाटत होतं. मी काचीगुड्याच्या गुरुजींना फोन लावला. आमच्या घरचं सगळं तेच करतात. मी त्यांना सगळा तंटा सांगायला लागले, मंगळवार, बुधवार, दाखला, कॅलेंडर.

गुरुजींनी मध्येच थांबवलं. "ताई, दिवस नका सांगू. दिवस ज्याचा त्याचा वेगळा असतो. वेळ सांगा. कुठल्या वेळी गेले ते माहीत आहे?"

"हो," मी म्हटलं. आणि वेळ सांगितली.

पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. "त्या वेळी चतुर्थी लागलेली होती. श्राद्ध चतुर्थीला करा. वार मात्र मंगळवारच. सूर्योदयापर्यंत वार बदलत नाही. चतुराबाईंना सांगा, वार त्यांचा. विकासरावांना सांगा, तिथी त्यांची. आणि इंग्रजी तारीख सरकारची. तिन्ही बरोबर आहेत. एकदा वेळ हाती असली की बाकी सगळं काढता येतं. वेळच हरवली तर मात्र भांडत बसायचं."

मी फोन ठेवला. आत्या परातीत पीठ घेऊन उभी होती. "काय म्हणायलेत?"

"वार तुझा, तिथी विकासची."

"बघ," आत्या फोनकडे वळून म्हणाली, "मंगळवार माझा." तिकडून विकास म्हणाला, "चतुर्थी माझी," आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटून तंटा मिटला. मी तिथेच उभी होते. एकदा वेळ हाती असली की बाकी सगळं काढता येतं. आम्ही वर्षभर दिवस गोळा करत होतो. वेळ आम्ही टाकून दिली होती.

दुसऱ्या दिवशी हर्षदला मी पहिला प्रश्न विचारला. "गावच्या केंद्रावर दूध मोजतात त्या यंत्रात वेळ नोंदली जाते?"

"जाते की. प्रत्येक किटलीची. डेअरीच्या गेटवर टँकर मोजतात तिथेही. पॅकिंगलाही."

"मग आपल्याकडे का नाही?"

"नियम केला ना आपण, मध्यरात्रीचा. मग वेळेचं काय काम? नुसती तारीख घेतली. विभागांनी जी लिहून पाठवली ती."

"आणि त्यांनी कुठली लिहिली?"

त्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात बसून मिळणार नव्हतं. संध्याकाळी मी यादगिरींबरोबर भोंगीरच्या बाजूला एका शीतकेंद्रावर गेले. आजूबाजूच्या गावांचं दूध तिथे येतं, थंड होतं आणि टँकरने डेअरीत जातं. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. यंत्र प्रत्येकीचं दूध मोजत होतं.

"हे कुठल्या दिवसाचं दूध?" मी यादगिरींना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे मी तब्येत बिघडल्यासारखी बोलतेय अशा नजरेने बघितलं. "आज का, मॅडम. भैंस आज दी, तो दूध आज का. सुबह का और शाम का मिला के एक दिन. शेतकऱ्याचा हिशेबच तसा चालतो."

"पण मध्यरात्रीचा नियम..."

"वो आप का नियम. सही तो मैं किया," ते म्हणाले. "पर भैंस तो सही नहीं की ना."

परतताना मी मुजीबभाईंना फोन करून तेच विचारलं. संध्याकाळी जमा झालेलं दूध कुठल्या दिवसाचं?

"कल का माल."

"म्हणजे कालचं?"

"अरे नहीं मॅडम, कल का! आनेवाला कल. शाम का दूध पिशवी में भरा तो पिशवी पे कल की तारीख आती ना. दुकानवाला कल बेचता."

मुजीबभाईंच्या दख्खनीत 'कल' दोन्हीकडे चालतं आणि 'परसों'मध्ये तर गेल्या आठवड्यापासून त्यांच्या लग्नापर्यंत काहीही बसतं. त्यांच्या विभागातले लोक तारखेच्या रकान्यात पिशवीवरची तारीख लिहीत होते, इमानदारीने.

अलकाला विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, "टँकर गेटमधून आत आला तो दिवस. मध्यरात्रीनंतर आला तर दुसरा. एकटी मीच तुझा नियम पाळत होते वाटतं?"

मंगळवारी संध्याकाळी घेतलेलं एकच दूध. यादगिरींसाठी ते मंगळवारचं, मुजीबभाईंसाठी बुधवारचं, आणि अलकासाठी टँकर रस्त्यात किती रखडला त्यावर. एका विभागाच्या मंगळवारातून दुसऱ्या विभागाचा मंगळवार आम्ही वजा करत होतो आणि उरलेल्याला घट म्हणत होतो. यादगिरींच्या दिवसात आजची संध्याकाळ धरलेली, मुजीबभाईंच्या दिवसात कालची; दूध वाढत असलं की आजची संध्याकाळ कालच्या संध्याकाळपेक्षा मोठी, म्हणून घट. आटत असलं की उलट, म्हणून रस्त्यातली म्हैस.

हर्षद उडालाच. "मग सोपं आहे, ताई. नियम कडक करू. जो पाळणार नाही त्याचा डेटा घ्यायचाच नाही."

"नियम कुणाचा?"

"आपला."

"आत्याला सांगून बघ एकदा," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला मंगळवार आणि चतुर्थीची गोष्ट सांगितली.

आम्ही कुणाचाही दिवस काढून घेतला नाही. यंत्रांतल्या वेळा परत आणल्या: दूध केव्हा घेतलं, टँकर केव्हा गेटवर आला, पिशवी केव्हा भरली. दिवस मात्र साठवलाच नाही. तो विचारणाऱ्याने निवडायचा. तीन दिवस केले आणि त्यांना नावं दिली. गावाचा दिवस, पिशवीचा दिवस, गेटचा दिवस. जो रिपोर्ट काढेल त्याला आधी विचारलं जाईल, कुठल्या दिवसाने? आणि एकदा निवडला की घेतलेलं, पोहोचलेलं, घटलेलं, सगळं त्याच दिवसाने मोजलं जाईल.

प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहायची होती. कुणीही, नवा माणूसही, वाचून समजेल अशी. हर्षदने इंग्रजीत चार ओळींची व्याख्या लिहून आणली. बिनचूक होती आणि ती कुणीही वाचली नसती. मी ती खोडली आणि पिशवीच्या दिवसाखाली लिहिलं: उद्याची पिशवी आज संध्याकाळी आहे. तेलुगूत यादगिरींकडून करून घेतलं, हिंदी मुजीबभाईंनी सांगितलं, इंग्रजी हर्षदने. मराठीत ते प्लॅटफॉर्मवर नाही. मराठीत मी ते फार पूर्वी वाचलं होतं, खडूने लिहिलेलं.

आढाव्याच्या दिवशी एमडीसाहेब टेबलाच्या टोकाला बसले. तिघांसमोर तीन लॅपटॉप, आणि तिघांचं भिंतीवर दिसेल अशी सोय. मला भिंतीलगत खुर्ची दिली होती, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईला देतात तशी.

"पिछला मंगलवार," एमडीसाहेब म्हणाले. "घेतलं किती, पोहोचलं किती, घटलं किती."

तिघांनी बोटं चालवली. भिंतीवर तीन उत्तरं आली. तिन्ही वेगळी.

अलकाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. एमडीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. काय झालंय ते मला दिसत होतं. तिघांनी सवयीने आपापला दिवस निवडला होता. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी हात मांडीवर दाबून धरले. खिडकीतून उत्तर गेलं की रांग पुन्हा लागते.

"तो फिर वही," एमडीसाहेब म्हणाले. "बंद कर..."

"सार," यादगिरी नेहमीसारखे सावकाश म्हणाले. "कौनसा मंगलवार?"

"कौनसा म्हणजे? हफ्ते में कितने होते?"

"तीन, सार." यादगिरींनी पडद्याकडे बोट केलं. "मेरा गाव का मंगलवार है. मुजीबभाई का पिशवी का. अलका मॅडम का गेट का. आप को कौनसा होना?"

एमडीसाहेबांनी चष्मा पुन्हा घातला. त्या छोट्या ओळी त्यांनी एकेक करून वाचल्या. पिशवीच्या ओळीपाशी थांबले. "उद्याची पिशवी आज संध्याकाळी," ते स्वतःशीच तेलुगूत पुटपुटले. मग म्हणाले, "पिशवी का मंगलवार. तिघं."

मुजीबभाईंचं उत्तर तसंच राहिलं. यादगिरींनी दिवस बदलला. त्यांचं उत्तर हललं आणि थांबलं. अलकाने बदलला. भिंतीवर तीन ओळी होत्या आणि तिन्ही एकच होत्या. शेवटच्या अंकापर्यंत.

"गेट का," एमडीसाहेब म्हणाले, थोडं भरभर.

तिन्ही बदलल्या. तिन्ही एक.

"गाव का."

तिन्ही एक.

"या खुदा," मुजीबभाई म्हणाले. "मॅडम, गाडी आ गई."

टेबलावर हशा उसळला, आणि त्यात यादगिरींचा आवाज सगळ्यात मोठा होता. अलका हसता हसता पडद्याकडे वाकली. "थांबा. घट आहे की अजून. थोडी आहे, पण तिघांकडे तेवढीच आहे. ही खरी घट आहे. कुठली?"

हा प्रश्न वर्षभर आमच्या जिन्यावरून वर यायचा. त्या दिवशी आला नाही. यादगिरींनी स्वतःच त्या आकड्यावर दाबलं, केंद्रं उघडली, केंद्रातून टँकर. "ये एक टँकर. गेट पे आया, पर अंदर नहीं आया बहुत देर. धूप में खडा. दूध फट गया."

"का उभा होता?" एमडीसाहेबांनी विचारलं.

यादगिरी मुजीबभाईंकडे वळले. फार गोड आवाजात म्हणाले, "गेट पे किसकी गाड्या खडी रहते, भाई?"

"अरे मेरी डिलिव्हरी की गाड्या उधर नहीं तो क्या चारमिनार पे खडी करूं?"

"मेरा टँकर अंदर आता तो तुम्हारी गाडी में माल आता ना, उस्ताद!"

"तो सुबह बोलना था!"

"सुबह किसको मालूम था?"

ते दोघं भांडत राहिले आणि मी भिंतीला टेकून बसले. वर्षभर या टेबलावर तारखेवरून भांडण झालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा दुधावरून झालं. त्या भांडणाचा मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही स्तुतीने झाला नसता. बैठक संपण्याआधी गेटपुढच्या गाड्या मागच्या बाजूला उभ्या करायचं ठरलंही.

उठताना एमडीसाहेब माझ्या खुर्चीपाशी थांबले. "बंद करण्याचा विषय संपला," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"गरज लागली नाही, सर."

बाहेर हर्षद जिन्यात उभा होता. मी नुसती मान हलवली आणि तो एवढ्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, रिपोर्ट हवा होता एक..." हर्षदने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला परत खाली घेऊन गेला. "तू काढ. मी नुसता बघतो."

वर्षश्राद्धाला विकास आला. चतुर्थीच होती. आदल्या दिवशी त्याने आणि मी बेगम बाजारातून पत्रावळी, तीळ आणि दर्भ आणले. त्याने मराठीत मागितलं आणि दुकानदाराने त्याला हिंदीत झापलं. गुरुजींनी संकल्प सांगितला. विकासने नानांचं पूर्ण नाव घेतलं आणि पळीतलं पाणी सोडायचं तो विसरला. गुरुजी थांबले, त्याला वेळ दिला, मग पुढे गेले.

मी फोन देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता. मागे एकदा सुट्टी काढली होती तेव्हा तो दिवसभर वाजत राहिला होता. आज पानं वाढून होईपर्यंत मी त्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. कुणाचाच फोन आलेला नव्हता. प्लॅटफॉर्म उघडून बघितला. सगळे विभाग तिथे होते. यादगिरींच्या केंद्रांवरची माणसंसुद्धा काही तरी काढत होती. एक रिपोर्ट गावाच्या दिवसाने, एक पिशवीच्या. कुणीही मला काहीही विचारलेलं नव्हतं.

आत्या खिरीचं पातेलं घेऊन आली. "आज हपीसातून फोन नाही यायला कुणाचा? काढून टाकलं काय तुला?"

"नाही गं आत्या," मी म्हटलं. "आज खिडकी ओस आहे."

आत्याच्या हातातली पळी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती वाकली आणि नानांच्या पानावर आधी वाढलेल्या खिरीवर आणखी एक पळी खीर घातली, काठोकाठ.

"जेव आता," ती म्हणाली. कुणाला, ते मी विचारलं नाही.